पाकिटात न मावणारे देणे

आपल्या धर्मग्रामांतून ‘यशस्वी’ हे विशेषण वर्षभरात कोणाकोणाला लावले जाते, ह्याची एखाद्याने वहीत नोंद ठेवली, तर ती वही मोठी उद्बोधक होईल. अमक्याचा मुलगा आखातात स्थिरावला, तमक्याच्या मुलीला कॅनडाचा कायमचा परवाना मिळाला, कोणी जुने कौलारू घर पाडून तीन मजले चढवले, कोणी लग्नाला हजार माणूस जेवू घातले. ही सारी माणसे त्या वहीत येतील. तीस वर्षे दर रविवारी मिस्सानंतर मुलांना धर्मशिक्षण देणारी बाई तिच्यात येणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करता करता नोकरी सोडावी लागलेली सून येणार नाही. वडिलांची वाडी न विकता पानवेलीला पाणी देत बसलेला चाळिशीचा शेतकरी तर नाहीच नाही. त्यांच्यासाठी आपल्याजवळ निराळा शब्द आहे: ‘बिचारा’. हा शब्द आपण प्रेमाने वापरतो, म्हणून तो अधिक झोंबतो.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. हा लेख गरिबीचे स्तोत्र नव्हे. पहाटेच्या लोकलमध्ये फुलांच्या टोपल्या आणि दुधाच्या बरण्या घेऊन उभ्याने मुंबई गाठणाऱ्या पिढीला विचारा. त्या हालांत कसला आनंद होता, असे ती तुम्हालाच उलट विचारील. विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहून ज्यांच्या माना वाकल्या, त्यांना नळाचे मोल सांगायला नको. पैसा आला म्हणून मुली शिकल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, सावकाराचे दार सुटले. ख्रिस्तसभेनेच गावोगावी शाळा काढल्या त्या काही आपण अर्धपोटी राहावे म्हणून नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी 1991 सालच्या आपल्या सामाजिक परिपत्रकात हेच सांगितले आहे: अधिक चांगले जगण्याची इच्छा धरणे ह्यात वावगे काही नाही, ‘आपल्याजवळ काय आहे’ हेच ‘आपण कोण आहोत’ ह्याच्या जागी बसवणे वावगे आहे. तेव्हा भांडण पैशाशी नाही. पैशाने आपल्याकडे कोणाची जागा घेतली, ह्याविषयी ते आहे.

त्यासाठी आपले लग्न पाहावे. लग्नाइतका आपल्या समाजाचा स्वच्छ आरसा दुसरा नाही.

एक काळ असा होता की लग्नघराला आठ-पंधरा दिवस आधीपासून हातांची गरज भासे. मांडवासाठी बांबू तोडायचे, झावळ्या विणायच्या, चुली मांडायच्या, पाणी भरायचे, तांदूळ निवडायचे, मसाले कुटायचे. ही कामे एका घराने उरकणे केवळ अशक्य, म्हणून आळीतले प्रत्येक घर लग्नात असे. पाहुणा म्हणून नव्हे, कर्ता म्हणून. तांदूळ निवडायला बसलेल्या बायकांत एखादी विधवा असे, जिच्या घरी दोन वेळची चूल पेटण्याची भ्रांत. पण जुनी गाणी तिलाच पाठ, म्हणून तिने सुरुवात केल्यावाचून कोणी गाणे उचलत नसे. एखाद्या भूमिहीन मजुराचा हात मसाल्याच्या मापाला इतका अचूक की वराचा बापदेखील त्याच्या पुढ्यात मान खाली घालून उभा राही. त्या आठ दिवसांत गावातली उतरंड पार मोडत होती असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. मांडव उतरला की जो तो आपापल्या पायरीवर परत जाई. परंतु त्या आठ दिवसांत त्या विधवेला आणि त्या मजुराला एक गोष्ट हक्काने मिळत होती: देण्याची संधी. आणि ज्याला आपण आज ‘पूर्वीची मजा’ म्हणून उसासे टाकत आठवतो, ती मजा दारिद्र्यातून आलेली नव्हती. एकमेकांवाचून अडत होते, त्या अडण्यातून ती आली होती.

आता अडत नाही. सभागृह आहे, केटरर आहे, सजावटवाला आहे, निवेदक आहे, नाच बसवून देणारा आहे. वधूवरांनी केव्हा हसावे हेसुद्धा छायाचित्रकार सांगतो. ह्या यंत्रणेत त्या विधवेला काय काम? तिला निमंत्रण मात्र जाते, कारण आपण माणुसकी सोडलेली नाही. आणि पत्रिका हातात पडताच तिच्या घरात हिशेब सुरू होतो. ताटाला काय दर पडला असेल? मग पाकिटात किती घालावे? चौघे गेलो तर चौघांच्या ताटाइतके घालावे लागेल. मग दोघेच जावे, मुलांना घरीच ठेवावे. पत्रिकेवर ‘कृपया भेटवस्तू आणू नयेत’ असे सोनेरी अक्षरांत छापलेले असते, आणि त्याचा खरा अर्थ काय हे आपल्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

ज्या स्त्रीला पूर्वी आपल्या गळ्याचे आणि हातांचे देणे घेऊन ताठ मानेने मांडवात शिरता येत होते, तिच्यासाठी आपण तो एक दरवाजा बंद केला आणि पाकिटाचा उघडला, जो तिच्याच्याने उघडत नाही. आपल्या वैभवाचा हा खर्च कोणत्याही केटररच्या बिलात लागलेला नाही.

ह्यावर जी उत्तरे मिळतात तीही ऐकून घ्यावीत. पहिले उत्तर वेळेचे: आता कोणाला सवड आहे? विरारची गाडी, तीन पाळ्यांची नोकरी, शनिवारीही कामावर. हे खोटे नाही. परंतु ज्या तरुणांना तांदळाच्या सुपापाशी एक संध्याकाळ बसायला सवड नाही, तेच तरुण लग्नातल्या नाचाच्या सरावाला सलग पंधरा रात्री येतात, हेही खोटे नाही. सवड आहे, ती कोणत्या कामाला द्यायची हे ठरलेले आहे. दुसरे उत्तर रोजगाराचे: केटररच्या हाताखाली आपलीच मुले काम करतात ना? करतात, त्यांना दाम मिळतो आणि तो मिळालाच पाहिजे. भाड्याने आणलेले हात असू नयेत असे मी म्हणत नाही. सगळेच हात भाड्याचे असावेत का, एवढेच विचारतो. तिसरे उत्तर सर्वांत प्रामाणिक: आमचा घामाचा पैसा, आम्ही कसाही खर्चू, तुम्ही कोण? ह्या उत्तराला कायद्यात खोट काढता येणार नाही. पण मग लग्न वेदीपुढे, धर्मग्रामाच्या साक्षीने लावण्याची तरी काय आवश्यकता? साक्षीदार म्हणून सारा धर्मग्राम हवा आणि खर्चाच्या वेळी तो परका, हा न्याय मला उलगडत नाही.

ही रीत लग्नापुरती थांबली असती तरी एक वेळ चालले असते. आता मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादालाही सभागृह लागते. पांढऱ्या पोषाखातले आठ-नऊ वर्षांचे लेकरू प्रभूला प्रथमच आपल्या मुखात घेते, आणि त्या दिवसाची त्याच्या मनात राहणारी आठवण असते ती केकच्या उंचीची. शेजारच्या मुलाचा समारंभ मोठा झाला म्हणून आपल्या मुलासाठी कर्ज काढणारे आईबाप आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. ते मूर्ख नाहीत. मुलाला कोणी ‘बिचारा’ म्हणू नये, एवढीच त्यांची धडपड असते.

हा पैसा आला कोठून, ह्याविषयी वसईत उघड बोलणे अवघड आहे, पण बोलले पाहिजे. नोकरीचा आहे, परदेशाचा आहे, आणि बराचसा जमिनीचा आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यासारखा धर्मगुरू रस्त्यावर उतरला, तेव्हा सारा संघर्ष बाहेरून येणाऱ्या बिल्डरशी आहे असे आपण मानत होतो. पण बिल्डरला सात-बारा दाखवणारा हात घरचाच होता. 2011च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या वर गेली; एवढी माणसे हवेत राहत नाहीत, कोणाच्या तरी वाडीत राहतात. विकणाऱ्या प्रत्येकाला मी दोष देणार नाही. बहिणींचे वाटे, वडिलांचे आजारपण, कोर्टाच्या तारखा, खारट झालेली विहीर. ज्याचे त्याला ठाऊक. माझी तक्रार निराळी आहे. ज्याने विकली तो हुशार आणि ज्याने राखली तो मागासलेला, हा निवाडा कोणी आणि केव्हा केला? राजेळी केळी पिकवावी, सोलावी, उन्हात दिवसचे दिवस वाळवावी, आभाळ भरून आले की धावत जाऊन उचलावी, तेव्हा कोठे सुकेळी होते. हे करणाऱ्या माणसाला पुरेसा पैसा मिळत नाही, हे खरे आहे आणि त्यासाठी भांडलेही पाहिजे. पण संध्याकाळी पाटातून पाणी वेलींच्या मुळाशी पोहोचते आहे की नाही हे पाहत तो उभा असतो, तेव्हा त्याच्या जिवाला जे लाभते त्याची त्याने आपल्यापुढे लाज का बाळगावी? आज तो बाळगतो. मुलीचे स्थळ पाहायला पाहुणे आले की ‘शेती करतो’ हे शब्द त्याच्या घरात हलक्या आवाजात उच्चारले जातात.

गंमत अशी की ज्या संताच्या नावाने आपण शिक्षणसंस्था आणि चर्च उभे केले, तो मूळचा यशस्वी व्यापारी होता. गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात वसईत जन्मला. जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे त्याने लोकांत मिसळून त्यांची भाषा आत्मसात केली आणि काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. जेझुइट संघात प्रवेश मिळण्याची त्याची इच्छा फलद्रूप झाली नाही, तेव्हा तो व्यापारात पडला, आणि व्यापारात त्याची भरभराट झाली. आपल्या आजच्या वहीत त्याचे नाव येथेच ठळक अक्षरांत आले असते. परंतु त्याने व्यापार सोडला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. 1593 साली पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्यासमवेत तो पुन्हा जपानला गेला तो दुभाषी म्हणून. हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढे ह्या वसईकराच्या जिभेवर सारी भिस्त होती. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे आणखी पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर चढवून ठार केले गेले. 1862 साली पोप पायस नववे ह्यांनी त्याला संतपद बहाल केले.

आपल्या प्रवचनांतून त्याचा मृत्यू भरपूर रंगवला जातो, आणि तो रंगवण्यासारखा आहेच. पण त्याच्या आधीचा तो दिवस, ज्या दिवशी त्याने चालता, नफ्यातला व्यापार बंद केला, त्यावर प्रवचन झाल्याचे फारसे ऐकू येत नाही. कारण उघड आहे. आपल्याला कोणी क्रुसावर चढवणार नाही हे आपण जाणतो, तेव्हा ती कथा आपण निर्धास्तपणे ऐकू शकतो. बंद केलेल्या दुकानाची कथा मात्र थेट आपल्या उंबऱ्याशी येऊन उभी राहते. आणखी एक लक्षात घ्यावे. त्याने कमावलेल्या पैशाचे काय झाले, ह्याची आपल्याला गरज पडत नाही. त्याच्या उपयोगी पडली ती व्यापाराआधी, धर्मशिक्षकाच्या बिनमोबदल्याच्या वर्षांत लोकांकडून उचललेली भाषा. ज्या वर्षांना आपण ‘वाया गेली’ म्हटले असते, त्याच वर्षांची ही कमाई.

थोडे वेदीकडेही बोट दाखवले पाहिजे. लेखकाने एवढा धीटपणा केला तर संपादक आणि धर्मगुरू दोघेही सांभाळून घेतील अशी आशा आहे. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या कोणी बसवल्या? सणाच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून रकमांसह नावे कोण वाचते? प्रभू येशू मंदिरातील दानपेटीसमोर बसून पाहत होता आणि दोन क्षुल्लक नाणी टाकणारी विधवा त्याने नेमकी हेरली. ती बाई आपल्या सणाला आली, तर तिचे नाव कोणत्या पाटीवर बसेल? संत विन्सेंट डी पॉल मंडळाचे कार्यकर्ते गरजू घरांत गुपचूप धान्य पोहोचवतात, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण घेण्याची सोय आपण केली आणि देण्याची काढून घेतली, तर त्या घराचे पोट भरेल आणि मान खालीच राहील.

बंदीची परिपत्रके नकोत. साध्या लग्नांविषयीची आवाहने ह्यापूर्वीही निघाली आहेत आणि ती पत्रिकेसोबत टेबलाच्या खणात गेली आहेत. मागणे इतकेच आहे की प्रत्येक लग्नघराने काही काम असे राखून ठेवावे, जे पैसे देऊन करून घ्यायचे नाही: तांदूळ असो, फुले असोत, एका वेळचे जेवण असो. त्या कामाला आळीतल्या सर्वांना बोलवावे आणि गाणे ज्यांना येते त्यांना आधी. पत्रिकेवर भेटवस्तूंप्रमाणे पाकिटालाही स्पष्ट शब्दांत नकार द्यावा. धर्मग्रामाच्या सणाचे एक जेवण तरी धर्मग्रामाच्या हातांनी शिजावे.

‘सुरुवात गरिबांनी करावी, त्यांनाच त्याची गरज आहे,’ असे म्हणणारे भेटतील. ते होणे नाही. गरिबाने साधे लग्न केले तर लोक म्हणतील, ऐपत नव्हती. आणि पुढच्या लग्नाला तो बिचारा दुप्पट कर्ज काढील. ज्याच्या खात्यात सभागृहाचे भाडे सहज आहे, त्याने मांडव घातला तरच बाकीच्यांची सुटका आहे. नाताळनंतरच्या लग्नसराईला आता फार दिवस उरलेले नाहीत. पाकीट नाकारणारी पहिली पत्रिका कोणत्या आळीतून आणि कोणत्या बड्या घरातून निघते, ते पाहायचे.