त्या पडक्या रुग्णालयाला शेजारी आहेत

दक्षिण कोरियात, सोलच्या आग्नेयेला, गोनजिआम नावाचं गाव आहे. तिथलं मनोरुग्णालय १९९६ साली बंद झालं. पैशाची ओढाताण होती, सांडपाण्याची अडचण सुटत नव्हती. एखाद्या खासगी दवाखान्याला टाळं लागावं तसं त्यालाही लागलं. इमारत मात्र तशीच उभी राहिली आणि तिच्याभोवती गोष्टी वाढत गेल्या. रुग्ण एकामागून एक मेले म्हणे, संचालकाने जीव दिला म्हणे, रात्री आतून आवाज येतात म्हणे. यातल्या कशालाच आधार नाही. तरीही २०१२ साली सीएनएनच्या प्रवास विभागाने जगातल्या सात भयाण जागांची यादी केली, तीत या रुग्णालयाचं नाव आलं, आणि गोनजिआम जगाच्या नकाशावर गेलं.

पुढे मार्च २०१८मध्ये त्याच नावाचा भयपट आला. व्ह्यूज मिळवण्यासाठी काही तरुण या रुग्णालयात शिरून थेट प्रक्षेपण करतात, अशी त्याची कथा. जागेच्या मालकाने प्रदर्शन थांबवण्यासाठी कोर्टात धाव घेतली. कोर्टाने मागणी फेटाळली. गंमत पाहायला येणाऱ्यांना हेही ठाऊक नसावं की चित्रीकरण तिथे झालंच नव्हतं. ते झालं दूर बुसानमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत. मे २०१८मध्ये गोनजिआमचं रुग्णालय पाडून टाकलं.

भुताच्या कथेत नसलेल्या माणसांबद्दल मला बोलायचं आहे. अशा जागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर घरं असतात. दिवसभर राबून झोपलेल्या माणसाच्या खिडकीवर रात्री दीड वाजता गाडीचे दिवे पडतात. कुत्री भुंकायला लागतात, तान्हं मूल उठतं. अनोळखी पोरं दार वाजवून वाट विचारतात. सकाळी कुंपणाची तार कापलेली सापडते, बांधावर बाटल्या आणि खाण्याचे रिकामे डबे. कधी कोणी आत शेकोटी पेटवतं आणि आगीचा बंब येतो. कोणी कुजलेल्या मजल्यावरून खाली पडलं, तर धावून जायचं शेजाऱ्यांनीच. असल्या जागांभोवतीच्या लोकांची गाऱ्हाणी कोणत्याही देशात जा, हीच असतात. बाहेरून आलेला एका रात्रीपुरता येतो. शेजाऱ्याला हे वर्षानुवर्षं सोसावं लागतं, कारण त्याच्या दारात रोज नवी माणसं येतात.

वर्षानुवर्षं म्हणजे किती, याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराच्या ईशान्य भागात बायबेरी नावाने ओळखलं जाणारं सरकारी मनोरुग्णालय होतं. ते १९९० साली बंद झालं आणि पाडलं गेलं २००६ साली. मधली सोळा वर्षं आजूबाजूच्या वस्तीने घुसखोर, मोडतोड आणि आगी सहन केल्या. एवढा उशीर का? अशा जुन्या इमारतींत पाइपांभोवती, छतात, जमिनीच्या फरश्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते सुरक्षितपणे काढणं फार खर्चाचं काम, म्हणून सरकारं टाळाटाळ करतात. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की कर्करोग होऊ शकतो, तोही कित्येक दशकांनी. मोडक्या छताखाली धूळ उडवत व्हिडिओ काढणाऱ्या पोराला त्या रात्री काहीच जाणवत नाही. आईवडिलांनो, भुताची भीती घालण्याऐवजी मुलांना हे सांगा.

शेजारी म्हणजे केवळ झोपमोड झालेला माणूस, असंही नाही. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर किंग्ज पार्क हे गाव आहे. तिथलं मनोरुग्णालय १८८५ साली सुरू झालं, १९९६ साली बंद झालं. १९५४च्या सुमारास तिथे नऊ हजारांवर रुग्ण होते. एवढ्या माणसांचं जेवण, कपडे, औषधपाणी करणारं गावही त्यावरच जगत होतं. घरटी कोणी ना कोणी तिथे नर्स, आचारी, सुतार किंवा वॉर्डातला मदतनीस. आज तो परिसर सरकारी उद्यानात आहे आणि तेरा मजल्यांची रिकामी इमारत चोरून चढणाऱ्यांना खुणावत असते. ज्या बाईने तिथे आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, तिला आपल्या वॉर्डाचं नाव ‘शापित’ म्हणून ऐकताना काय वाटत असेल? आणि ज्याची बहीण तिथे वारली, त्याला?

मी इतिहास झाकायला सांगत नाही. उलट, खरा इतिहास कुठल्याही भूतकथेपेक्षा जास्त हलवून सोडणारा आहे आणि तो जरूर वाचावा. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिलेल्या काही तरुणांना सक्तीची सेवा म्हणून बायबेरीत कामाला पाठवलं होतं. त्यांच्यातल्या एकाने आतली छायाचित्रं काढली. नागड्या अवस्थेत कोंबून ठेवलेली माणसं. मे १९४६मध्ये ती ‘लाइफ’ मासिकात छापून आली आणि देश हादरला. बायबेरीच्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात पेनहर्स्ट ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामाणसांची संस्था होती. १९६८ साली एका टीव्ही वार्ताहराने तिथली हेळसांड घराघरांत दाखवली, १९७४ साली तिच्यावर खटला उभा राहिला, १९८७ साली ती बंद झाली. कॅमेरा नेण्याचं हे खरं कारण. २०१० पासून त्याच पेनहर्स्टच्या आवारात तिकीट लावून भुताटकीचा खेळ चालतो. अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी त्याला कळकळीने विरोध केला, पण तो सुरूच राहिला. जिथे मुलांना बांधून ठेवत, तिथे किंकाळ्यांची करमणूक विकली जाते. हे चूक आहे, आणि ते तसं स्पष्ट म्हटलं पाहिजे.

मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्सला वेगळं घडलं. तिथल्या मनोरुग्णालयाच्या दफनभूमीत शेकडो माणसं नुसत्या आकड्यांखाली पुरलेली होती. पूर्वी तिथे रुग्ण म्हणून राहिलेल्यांनी पुढाकार घेतला, झाडोरा साफ केला, नोंदी शोधल्या आणि त्या आकड्यांना नावं परत मिळवून दिली. पडक्या रुग्णालयात जाऊन करण्यासारखं एखादं काम असेल, तर ते हे.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि ती चालू आहेत. तिथे आज माणसं उपचार घेत आहेत, बरी होऊन घरी जात आहेत. पण आपल्या मुलांच्या फोनवर मनोरुग्णालय म्हटलं की दिसतं ते साखळदंड, हिरवा अंधार आणि किंचाळणारी बाई. या गोष्टी नुसत्या पाहिल्या जात नाहीत, मनात साठून राहतात. मग घरातल्या माणसाला खरोखर त्रास सुरू झाला, झोप उडाली, संशय वाढला, की त्याला डॉक्टरकडे नेण्याआधी घरचे सहा महिने कुजबुजत बसतात. लोक काय म्हणतील ही भीती आधीच पुरेशी आहे; तिच्यात भर घालू नका.

म्हणून काही गोष्टी मनापासून मागतो. कोणत्याही बंद पडलेल्या रुग्णालयात, वाड्यात, गिरणीत परवानगीशिवाय शिरू नका. ‘झपाटलेली जागा’ म्हणून पत्ता सांगणारा व्हिडिओ पुढे पाठवू नका. पत्ता फिरला की माणसं येतात. जुन्या केसपेपरचा, नोंदवहीचा फोटो हाती आला तर तो तिथेच थांबवा, कारण त्यावरचं नाव कोणाच्या तरी आजीचं असतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यावर बंदी घातली आहे. कायदा जिवंत रुग्णाला जो मान देतो, तो आपण मेलेल्यालाही देऊ शकतो. तुमच्याच गावाशेजारी अशी ओसाड इमारत असेल आणि रात्री गाड्या येत असतील, तर एकेकट्याने भांडू नका. ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड कार्यालयात सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या, पोलीस ठाण्यात त्याची प्रत द्या, पोच घ्या. कुंपण, दिवा आणि पहारा ही मालकाची जबाबदारी आहे, मग मालक सरकार असलं तरी.

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाही सांगणं आहे. ऑक्टोबर आला की मुलं हॅलोवीनच्या तिकिटांसाठी हट्ट धरतात. भोपळे कोरा, सोंगं घ्या, शेजारच्या मुलांना गोळ्या वाटा. पेनहर्स्टचं तिकीट मात्र काढू नका. तिथे राहून बाहेर पडलेली माणसं अजून हयात आहेत.