टक्केवारी कळते, पणजीचे नाव नाही

‘पणजी जर्मनीहून आली होती, बहुधा ज्यू असावी.’ युरोप-अमेरिकेतील अनेक कुटुंबांकडे पूर्वजांविषयी एवढीच ऐकीव माहिती उरली आहे. कागदपत्रे युद्धात गेली, काहींनी जीव वाचवण्यासाठी ओळखच लपवली. आता नातवंडे-पतवंडे लाळेच्या डीएनए चाचणीत उत्तर शोधतात. ते कितपत मिळते?

अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय ज्यू वंशाचा अंश ही चाचणी बऱ्यापैकी ओळखते. सहाशे ते आठशे वर्षांपूर्वी हा समाज जेमतेम साडेतीनशे पूर्वजांइतका आक्रसला होता, असा 2014 च्या एका जनुकीय अभ्यासाचा अंदाज आहे. पण त्यामुळेच दूरचे नातलगही चाचणीत जवळचे भासतात. ‘जर्मन’ अंश तर शेजारच्या देशांतील लोकांपासून वेगळा काढणे अवघडच. शिवाय पणजीकडून सरासरी साडेबारा टक्केच डीएनए येतो आणि प्रत्येक पिढीमागे तो निम्मा होतो.

नाव-गाव सांगतात ते कागदच, आणि ते सगळे नष्ट झालेले नाहीत. संपूर्ण जर्मनीत 1876 पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद होते; 110 वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी सर्वांना पाहता येतात. 1939 पासून नाझींनी ज्यू पुरुषांच्या नावापुढे ‘इस्रायल’ आणि स्त्रियांच्या नावापुढे ‘सारा’ जोडण्याची सक्ती केली. जुन्या जन्मनोंदीच्या समासातील तो शेरा आज पुरावा ठरतो. धर्मांतर केलेली कुटुंबे चर्चच्या वह्यांतही सापडतात. बाड आरोलसेन येथील अभिलेखागारात नाझी छळाला बळी पडलेल्या सुमारे पावणेदोन कोटी लोकांची माहिती आहे. तेथे चौकशी विनामूल्य करता येते.

हा शोध केवळ कुतूहलाचा नाही. अश्केनाझी वंशाच्या दर चाळीस जणांत एकाकडे स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा ‘बीआरसीए’ जनुकातील बदल आढळतो. इतरांमध्ये हे प्रमाण खूपच कमी आहे. आजी ज्यू होती हेच ठाऊक नसेल, तर डॉक्टरांना सांगणार काय? मात्र घरगुती चाचणी अशा मोजक्याच बदलांची तपासणी करते. तिच्यात काही आढळले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये आणि काही आढळले, तर वैद्यकीय प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी.

दुसरी बाजूही आहे. 2023 मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ कंपनीची माहिती चोरीला गेली, तेव्हा अश्केनाझी वंशाच्या ग्राहकांची वेगळी यादीच विक्रीला काढण्यात आली. मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लाखो लोकांच्या जनुकीय माहितीचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. ज्यांच्या पूर्वजांचा घात अशाच याद्यांनी केला, त्यांच्यासाठी ही किरकोळ बाब नाही.

म्हणून आधी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, मग दप्तरे धुंडाळावीत आणि चाचणी शेवटी करावी. कागद परत कपाटात ठेवता येतो, एकदा बाहेर पडलेली जनुकीय माहिती परत घेता येत नाही.