हंगामाच्या तासांवर पहिला हक्क जुन्या कामगाराचा : उदगीरच्या अर्धवेळ डिलिव्हरी कामगारांच्या प्रश्नावर जाहीर पत्रक

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंतचा काळ हा घरपोच माल पोहोचवण्याच्या धंद्यातील सर्वांत मोठा हंगाम असतो, आणि नेमक्या याच काळात वर्षभर हे काम अर्धवेळ करणाऱ्या कामगाराच्या वाट्याचे तास घटतात. बाजारात काम वाढले की कामगाराची मजुरी वाढते, हा उदगीरच्या मोंढ्यातील हमालाचा आणि सोयाबीन काढणीच्या मजुराचाही अनुभव आहे. डिलिव्हरीच्या धंद्यात तो उलटा होतो, कारण तेथे हंगामाची जोखीम पद्धतशीरपणे कामगाराच्या अंगावर टाकलेली आहे. ती जोखीम कशी टाकली जाते, ती टाकण्यास कायद्याने कोठे मोकळीक ठेवली आहे आणि महाराष्ट्राने अशाच प्रश्नावर पूर्वी कोणता तोडगा काढला होता, हे उदगीरच्या नागरिकांसमोर ठेवण्यासाठी हे पत्रक काढण्यात येत आहे.

अर्धवेळ डिलिव्हरी कामगार म्हणजे दिवसाचे तीन-चार तास किंवा आठवड्याचे दोन-तीन दिवस स्वतःच्या दुचाकीवरून, स्वतःच्या पेट्रोलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर हे काम करणारी व्यक्ती. उदगीरसारख्या गावात यात महाविद्यालयात शिकणारी मुले असतात, डाळ मिलमध्ये किंवा दुकानात दिवसपाळी करून संध्याकाळी बाहेर पडणारे असतात, आणि दोन-चार एकर कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून आसपासच्या खेड्यांतून रोज शहरात येणारे तरुणही असतात. या उत्पन्नातून खोलीचे भाडे, परीक्षेची फी आणि गाडीचा हप्ता भागतो. त्याला ‘पॉकेटमनी’ म्हणून बाजूला सारणारे लोक या घरांचा हिशेब कधी पाहत नाहीत.

तास कमी होण्याची रीत दोन प्रकारची आहे. पहिली खाद्यपदार्थ आणि किराणा पोहोचवणाऱ्या अ‍ॅपची. त्यात कंपनी दिवसाचे दोन-तीन तासांचे तुकडे पाडते, त्यांना स्लॉट म्हणतात, आणि कामगाराने आपला स्लॉट आगाऊ धरून ठेवायचा असतो. हंगाम जवळ आला की नव्या माणसांची भरती जोरात सुरू होते, पूर्णवेळ काम करणाऱ्यांच्या आयडीला, म्हणजे अ‍ॅपवरील त्यांच्या खात्याला, स्लॉट आधी दिसू लागतात, आणि अर्धवेळ कामगाराने ठरलेल्या वेळी मोबाइल उघडला तर संध्याकाळी सात ते दहाचा, सर्वाधिक मागणीचा तुकडा आधीच भरलेला दिसतो. त्याच्यासाठी उरते ती दुपारी तीनची वेळ, जेव्हा तो वर्गात किंवा मिलमध्ये असतो. स्लॉट मिळालाच, तरी त्या वेळेत रस्त्यावरील माणसांची संख्या ऑर्डरींपेक्षा वेगाने वाढलेली असल्याने, हॉटेलच्या बाहेर गाडी उभी करून बसण्याचा वेळ वाढतो आणि त्या बसण्याचा मोबदला कोणी देत नाही.

दुसरी रीत ऑनलाइन खरेदीची पार्सले वाटणाऱ्या गोदामांची. येथे कंपनी आणि कामगार यांच्यामध्ये बहुधा एक स्थानिक कंत्राटदार असतो आणि मजुरी नगावर, म्हणजे प्रत्यक्ष पोहोचलेल्या पार्सलामागे ठरते. दसऱ्याच्या सेलमध्ये गोदाम पोत्यांनी भरून जाते, कंत्राटदार टेम्पो लावतो, आणि शहरातील दाट वस्तीचे, एका गल्लीत दहा-बारा पार्सले सुटणारे मार्ग टेम्पोकडे जातात. अर्धवेळ कामगाराला एक तर ‘आज लोड नाही’ असे सांगितले जाते, किंवा हेर, वाढवणा, देवर्जन अशा लांबच्या गावांची मोजकी पार्सले दिली जातात, ज्यांत पेट्रोलचा खर्च वजा जाता हाती फारसे काही उरत नाही. ग्राहक घरी नसला किंवा त्याने माल परत केला, तर त्या फेरीची मजुरीही बहुतेक वेळा बुडते.

यात भर पडते ती इन्सेंटिव्हची. इन्सेंटिव्ह म्हणजे ठरावीक ऑर्डरींची पायरी गाठल्यावर मिळणारी जादा रक्कम. हिशेब समजण्यापुरते आकडे घेतले, तर आठवड्याला साठ ऑर्डरी करणाऱ्या आणि ऑर्डरीमागे तीस रुपये मिळवणाऱ्या कामगाराला अठराशे रुपये मिळतात, आणि साठची पायरी गाठल्याबद्दल सहाशे रुपये असतील, तर एकूण चोवीसशे होतात. स्लॉट घटल्यामुळे त्याच्या ऑर्डरी अठ्ठेचाळीसवर आल्या की हाती पडतात फक्त चौदाशे चाळीस, कारण वरची रक्कम पूर्णच जाते. काम एक पंचमांशाने घटले, कमाई मात्र चाळीस टक्क्यांनी. तास कापण्याची शिक्षा अशी दुप्पट होते, आणि ती कोणत्याही चुकीबद्दल दिलेली नसते.

कंपन्यांच्या बाजूने असे सांगितले जाते की हे काम ऐच्छिक आणि लवचीक आहे, कामगाराने हवे तेव्हा यावे, हवे तेव्हा जावे, आणि हंगामात माणसे वाढवल्याशिवाय ग्राहकांना माल वेळेवर मिळणार नाही. यातील दुसरा भाग खरा आहे आणि वाढीव माणसे घेण्याला या पत्रकाचा विरोधही नाही. पहिला भाग मात्र तपासून पाहावा लागतो. उदगीर तालुक्यात सोयाबीनची काढणी आणि दसऱ्याचा सेल एकाच वेळी येतात, आणि जो तरुण सेलमध्ये जादा काम मिळेल या भरवशावर काढणीच्या गुत्त्यात, म्हणजे ठेक्याच्या कामात, नाव घालत नाही, त्याला पंधरा दिवसांनी स्लॉटही नसतो आणि गुत्तेही संपलेले असते. निवड करण्याची मोकळीक त्याला कोणत्या टप्प्यावर होती? येण्याची वेळ तो निवडू शकतो, दार उघडे ठेवणे किंवा लावणे मात्र पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती असते.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ऑर्डर नसताना रस्त्यावर वाट पाहणारा माणूस कंपनीला फुकट पडतो. शंभर माणसांचे काम असताना दोनशे माणसे उभी केली, तर ग्राहकाला माल लवकर मिळतो आणि कंपनीच्या खर्चात काहीच भर पडत नाही, कारण उरलेल्या शंभरांच्या रिकाम्या वेळेची किंमत ते शंभर जणच भरतात. ही किंमत जोवर मालकाच्या खात्यावर येत नाही, तोवर हंगामात गरजेपेक्षा जास्त माणसे जमवण्याला कोणताही आळा बसणार नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत गैरहजर कामगाराच्या जागी रोजच्या रोज घेतल्या जाणाऱ्या माणसांना बदली कामगार म्हणत, आणि गिरणीच्या दारात रोज सकाळी जमणाऱ्या गर्दीतून जॉबर, म्हणजे माणसे भरणारा मुकादम, आपल्या मर्जीने माणूस उचलत असे. या मनमानीला आळा घालण्यासाठी गिरणी मालकांच्या संघटनेनेच १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत आणली आणि तात्पुरत्या जागा कार्डधारकांतूनच भराव्यात असे ठरवले. त्यानंतर गोदी कामगारांसाठी १९४८ चा रोजगार नियमन कायदा आला. त्याखालील योजनांत नोंदणीकृत कामगारांचा साठा ठेवून त्यांना पाळीने काम देण्याची व्यवस्था झाली, आणि कामावर हजर राहूनही काम न मिळालेल्या दिवसाचा हजेरी भत्ता देण्याचे तत्त्व मान्य झाले. जहाज कधी येईल हे कामगाराच्या हातात नाही, मग जहाज न आल्याचा भुर्दंड त्याने का सोसावा, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला आणि त्याचे उत्तर कायद्याने दिले.

त्याच वाटेने महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींचा लढा उभा होता. हमालाला एक मालक नसतो, तो आज एका आडत्याची आणि उद्या दुसऱ्याची पोती उचलतो, म्हणून त्याला कामगार कायदे लागू होत नाहीत, असा युक्तिवाद तेव्हाही होत असे. या कायद्याने तो युक्तिवाद बाजूला सारला. मालक, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ, दोन्ही बाजूंची नोंदणी, मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरण्याची सक्ती, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ, अशी रचना उभी राहिली. काम करण्यास तयार असलेल्या नोंदीत कामगाराला ज्या काळात पुरेसे काम मिळणार नाही, त्या काळासाठी किमान हमी मजुरीची तरतूद योजनेत करता येईल, असेही या कायद्यात म्हटले आहे. अनेक मालक असणे ही हक्क नाकारण्याची सबब होऊ शकत नाही, हे ज्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केले, त्याच राज्यात पाठीवर पोत्याऐवजी पिशवी आली म्हणून तो हक्क नाहीसा कसा होतो, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याचे कलम १५ याच तत्त्वावर उभे होते. दिवसावर नेमलेल्या कामगाराला मालकाने पूर्ण दिवस काम पुरवले नाही, तरी मजुरी पूर्ण दिवसाची द्यावी लागेल, असा त्याचा आशय होता आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही तो कायम ठेवला आहे. मात्र या तरतुदीचा लाभ ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळतो. डिलिव्हरी कामगाराला कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला ‘गिग कामगार’ म्हणजे पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारी व्यक्ती, असे नाव दिले आहे. संहितेनुसार कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नाही, इतका निधी सामाजिक सुरक्षेसाठी द्यावयाचा आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तासांबद्दल मात्र संहिता एक शब्दही बोलत नाही.

आणि तास गेले की हा निधीही हातचा जाण्याची भीती आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या मसुदा नियमांत, लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे किमान ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम केलेले असावे, अशी अट आहे. फक्त शनिवार-रविवार काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्षभराचे दिवस भरतात १०४. सात आठवड्यांचे स्लॉट हुकले की ते ९० वर येतात, आणि आठवा आठवडा हुकला की तो अटीखाली घसरतो. स्लॉट कोणाला दाखवायचा हे कंपनी ठरवणार आणि स्लॉट न मिळाल्यामुळे अपात्र ठरणार कामगार, ही रचना न्यायाची नाही.

उदगीरकरांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता, आणि आजही रेल्वेने उदगीर सोडून कमालनगर, भालकी, बीदर या दिशेने निघाले की थोड्याच वेळात कर्नाटकाची हद्द लागते. त्या हद्दीपलीकडे २०२५ मध्ये प्लॅटफॉर्म गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आहे. त्यानुसार प्रत्येक व्यवहारातील कामगाराच्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क घेता येते, कामगाराला काढून टाकायचे तर लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि काम वाटणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेबद्दल माहिती मागण्याचा मार्ग कामगाराला मिळतो. राजस्थानने तर २०२३ मध्येच असा कायदा केला. भालकीच्या मुलाला जे कवच आहे ते उदगीरच्या मुलाला नाही, आणि दोघांना काम देणारे अ‍ॅप मात्र तेच असू शकते. महाराष्ट्र शासनाने हा फरक आणखी एक दिवाळी चालू ठेवू नये.

अर्थात कर्नाटकाचा कायदाही तासांची हमी देत नाही, आणि नुसता दर वाढवून भागत नाही हे न्यूयॉर्क शहराच्या अनुभवातून दिसते. तेथे डिसेंबर २०२३ पासून अ‍ॅपवरील डिलिव्हरी कामगारांना किमान तासदर लागू झाला, तेव्हा काही कंपन्यांनी कामगारांना अ‍ॅपमध्ये शिरण्यावरच मर्यादा घातल्या. दर वाढला, पण दार अरुंद झाले. याउलट कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराने २०१६ च्या मतदानाने नियम केला की मोठ्या मालकाने नवा माणूस घेण्यापूर्वी वाढीव तास आधीच्या अर्धवेळ कामगारांना देऊ करावेत. हा नियम नोकरीवरील कामगारांपुरता आहे, पण त्यातील तत्त्व आणि मुंबईच्या बदली कार्डातील तत्त्व एकच आहे, आणि या पत्रकाची मुख्य मागणी तीच आहे : हंगामातील वाढीव काम आधी जुन्या नोंदीत कामगारांना विचारावे, त्यांनी नाकारलेले तास मग नव्यांना द्यावेत.

ही मागणी अमलात यायची, तर माथाडी मंडळाच्या धर्तीवर डिलिव्हरी कामगारांचे त्रिपक्षीय मंडळ राज्याच्या कायद्याने व्हावे लागेल, आणि अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीबरोबरच तिच्या स्थानिक कंत्राटदाराचीही नोंदणी सक्तीची करावी लागेल. धरलेल्या स्लॉटमध्ये हजर असूनही ऑर्डर न मिळालेल्या वेळेचा हजेरी भत्ता ठरला, की गरजेपेक्षा जास्त माणसे उभी करण्याचा मोह आपोआप आवरेल. स्लॉट कोणत्या निकषावर वाटले जातात हे मराठीत, लेखी आणि हंगामाच्या किमान चौदा दिवस आधी कळवले जावे. कंपनीने स्लॉट न दिल्यामुळे बुडालेले दिवस ९० दिवसांच्या अटीत धरले जावेत, यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. उदगीरच्या लोकप्रतिनिधींनी हे मुद्दे विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मांडावेत, अशी जाहीर विनंती करण्यात येत आहे.

कायदा होईपर्यंत पुरावा मात्र कामगारालाच जमवावा लागेल, कारण तास कापल्याची पावती कोणी देत नाही. प्रत्येक अर्धवेळ कामगाराने केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून घ्यावी, स्लॉट उघडण्याच्या वेळी स्क्रीनवर जे दिसते त्याचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवावा, गोदामात ‘लोड नाही’ सांगितले गेलेले दिवस आणि लांबच्या मार्गांचे किलोमीटर वहीत लिहावेत, आणि आठवड्याच्या पेआउटचा, म्हणजे खात्यात जमा झालेल्या रकमेचा तपशील जपून ठेवावा. दसऱ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या चार-चार आठवड्यांच्या अशा नोंदी एकत्र करून लातूरच्या कामगार कार्यालयात सामूहिक निवेदनासोबत देण्यात याव्यात. ग्राहकांनीही दारात आलेल्या कामगाराला या महिन्यात किती तास मिळाले, एवढे विचारावे, आणि निवेदनावर ग्राहक म्हणून सही करावी.