उत्तरासाठी नव्हे, पूर्वपक्षासाठी

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि पाहता पाहता उत्तरे देणारे यंत्र विद्यार्थ्यांच्या हाती आले. निबंध, गणित, प्रकल्प, जे मागावे ते क्षणार्धात मिळू लागले. मुलांची बुद्धी गंजेल ही भीती एकीकडे, शिक्षणात क्रांती झाली हा जयघोष दुसरीकडे. या गदारोळात खरा प्रश्न मागेच राहिला. या यंत्राला आपण विचारावे तरी काय?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. गणिताच्या सरावात सरळ उत्तर देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्क्यांनी खालावली. त्याहून चिंताजनक बाब ही की, आपण कमी शिकलो याची या मुलांना जाणीवच नव्हती. उत्तराऐवजी केवळ दिशा दाखविणारा चॅटबॉट ज्यांच्याकडे होता, त्यांचे हे नुकसान बव्हंशी टळले. अज्ञानापेक्षा समजल्याचा भ्रम अधिक घातक असतो, तो असा.

हा भ्रम तोडण्यासाठीही हेच यंत्र वापरता येते. कोकणातील मुलाला दिवसातून दोनदा येणारी भरती ठाऊक असते. 'चंद्राच्या आकर्षणाने भरती येते' हे वाक्यही त्याला पाठ असते. त्याने ते चॅटबॉटला सांगावे आणि बजावावे, 'उत्तर देऊ नकोस; माझ्या म्हणण्यातील कच्चे दुवे शोधून एकेक प्रश्न विचार.' चंद्र पाणी आपल्याकडे ओढत असेल, तर भरती एकदाच यावयास हवी. दुसरी कोठून आली? या प्रश्नापाशी पाठांतर संपते आणि विचार सुरू होतो. चंद्राची ओढ समोरच्या पाण्यावर अधिक, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. या तफावतीमुळे दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. येथवर मुलगा स्वतः धडपडत पोहोचला, तर ते ज्ञान त्याचे झाले. मग भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे का सरकते, हा पुढचा प्रश्न त्याचा तोच विचारील.

आपल्याकडे ही पद्धत नवी नाही. आपले मत मांडण्याआधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनिशी मांडावयाचा, ही शास्त्रग्रंथांची रीतच होती. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले : सत्यनिर्णयासाठी वाद, विजयासाठी जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा. यंत्राशी करावयाचा तो वाद. गावात जाणकार प्रतिपक्षी मिळणे ज्याला दुर्लभ, त्यालाही तो आता उपलब्ध आहे, ही मोठीच सोय म्हटली पाहिजे.

मात्र हा प्रतिपक्षी मनधरणी करणारा आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपल्या प्रणालीतील एक बदल मागे घ्यावा लागला. ती वापरकर्त्याची अवाजवी खुशामत करू लागली होती, हे कंपनीनेच मान्य केले. म्हणून 'माझे बरोबर आहे ना?' असे विचारू नये. 'माझे कोठे चुकते?' असे विचारावे. शिवाय हे यंत्र चूकही ठामपणे सांगते. त्याने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केल्याबद्दल २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. आप्ताचे वचन प्रमाण मानावे, असे न्यायशास्त्र सांगते. यंत्र हे आप्त नव्हे. अंतिम निर्णय ग्रंथ, गुरुजन आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्या कसोटीवरच व्हावयास हवा.

पालकांनी आणि शिक्षकांनी चॅटबॉटवर सरसकट बंदी घालू नये आणि मुलांना त्याच्या स्वाधीनही करू नये. 'त्याने काय उत्तर दिले?' असे न विचारता, 'त्याने तुला कोणता प्रश्न विचारला आणि तू काय सांगितलेस?' असे विचारावे. यंत्र बंद केल्यावर जे आपल्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते, तेवढेच आपले ज्ञान. बाकी सारी उसनवारी होय.