आधी सरी मोजा, मग ट्रॅक्टर घ्या



कारखान्याच्या वार्तापत्रात कळंबोलीहून पत्र कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपल्या भागातली पुष्कळ माणसं इथं लोखंड बाजारात माथाडी म्हणून, नाहीतर ट्रकवर ड्रायव्हर म्हणून पोट भरतात. शेअर कारखान्याचा, ऊस गावी आणि खोली कळंबोलीत, असे आमचे जगणे आहे.

दिवाळीला गावी गेलो की हल्ली एकच विषय निघतो. धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, छोटा ट्रॅक्टर घेऊ या. बैलं विकली, वडील थकले, आणि भाड्याचा ट्रॅक्टर वाफशावर कधी मिळत नाही." त्याचे काही खोटे नाही. पण हप्ता जाणार तो इथल्या पगारातून. म्हणून चार गोष्टी स्पष्ट बोलाव्यात असे आम्हांस वाटते.

१९७०-७१ च्या कृषी गणनेत राज्यातल्या खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ ला ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकराची सव्वातीन एकर झाली. आमच्यापैकी अनेकांकडे तर वाटण्या होऊन दीडच एकर उरले. अशा तुकड्यात मोठा ट्रॅक्टर वळायलाच जागा मागतो. तेव्हा छोटा ट्रॅक्टर हवा, हे कबूल. प्रश्न आहे तो कोणता, आणि कुणाच्या नावावर.

दुकानात पहिला प्रश्न अश्वशक्तीचा होतो. आमच्या मते पहिला प्रश्न सरीचा असावा. चार फुटी सरीत बाळबांधणी आणि भरणी करायची तर चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ट्रॅक्टर तीन फुटांच्या आत बसला पाहिजे. टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. पोटाखाली जमिनीपासून किती उंची सुटते, तेही पाहा. तीन फुटी सरी असेल तर आधी लागणीचे अंतर वाढवा. ट्रॅक्टरची चौकशी त्यानंतर.

आता ताकद. महिंद्राचा युवराज २१५ हा १५ अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा. कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हा २४ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, चारही चाकांना ओढ असलेला. हलक्या रानात आंतरमशागत आणि फवारणी एवढेच काम असेल तर पहिल्या जातीचा पुरतो. काळ्या, चिकट रानात रोटाव्हेटर ओढायचा तर दुसऱ्या जातीचा बरा. मात्र खोल नांगरट आणि ऊस वाहतूक ही कामे यातल्या कुणाचीच नव्हेत. त्यासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावाच लागेल, हे आधीच धरून चाला. सुटे भाग आणि मिस्त्री तालुक्याला मिळतो का, हेही विचारा. भरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला तर उपयोग काय?

आता खरी गोष्ट हिशेबाची. दीड एकर उसात छोट्या ट्रॅक्टरचे वर्षाचे काम आमच्या अंदाजाने वीस तासांच्या वर जात नाही. चार लाख कर्ज आणि दहा टक्के व्याज धरा. पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच चाळीस हजार, म्हणजे तासाला दोन हजार रुपये! डिझेल अन् मुद्दल वेगळेच. एकट्या दीड एकराला हा बोजा झेपणारा नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, एका पाटावरच्या पाच-सहा घरांनी मिळून एक ट्रॅक्टर घ्यावा. कागद करावा, पाळी ठरवावी, तासाचा दर घरच्यालाही लावावा आणि वही रोज लिहावी. भावकीत वही नसली की भांडण आलेच. कारखान्याच्या शेती विभागाने अशा गटांची नोंद ठेवून लागणीचे अंतर एकसारखे करून दिले तर मोठे काम होईल.

कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून आहे. त्यात अल्पभूधारकांना आणि महिलांना अनुदानाचा दर जास्त आहे. अर्ज महाडीबीटीवर करावा, आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नये. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुना भाव कुणी सांगत असेल तर विचारा.

शेवटी एवढेच. आम्ही आज ज्या सेक्टरात राहतो, तिथे एके काळी भातखाचरे होती. १९७० साली सिडको आली आणि नव्या मुंबईसाठी इथल्या गावांच्या जमिनी गेल्या. इथल्या शेतकऱ्याची जमीन सरकारने घेतली. आपली जमीन दारात ट्रॅक्टर दिसावा म्हणून, हप्त्यापायी, आपल्याच हाताने जाऊ नये. विचार व्हावा.

जय सहकार!

– कळंबोलीतले काही सभासद