मोजपट्टी आपल्याच श्वानांवरून ठरावी

मेंढ्यांच्या कळपाबरोबर हिंडणाऱ्या किंवा शेताची राखण करणाऱ्या कुत्र्याचे डोळे पिवळे पडले, की पशुवैद्यकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो: ही कावीळ औषधाने बरी होणारी, की शस्त्रक्रियेची? गोचिडांमार्फत पसरणाऱ्या बबेसिओसिसमध्ये तांबड्या रक्तपेशी फुटतात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये यकृताला इजा होते. या दोन्हींत पित्तनलिका सहसा फुगलेली नसते. मात्र खडा, गाठ किंवा स्वादुपिंडाची सूज यांमुळे पित्ताचा मार्ग अडला, तर ती फुगते. हा फरक सोनोग्राफीत अवघ्या काही मिलिमीटरांत दिसतो. म्हणूनच नलिकेचा सामान्य व्यास किती मानावा, हा प्रश्न केवळ विद्वच्चर्चेचा नाही.

कुत्र्याच्या मुख्य पित्तनलिकेसाठी ३ मिलिमीटर ही कमाल मर्यादा दीर्घकाळ रूढ आहे. परंतु चार किलोचा पॉमेरेनियन आणि वीस किलोंहून अधिक वजनाचा मुधोळ यांना एकच मर्यादा लावणे कितपत योग्य? लहान कुत्र्यात फुगलेली नलिका नजरेतून निसटेल. मोठ्या कुत्र्यात निरोगी नलिका रोगट ठरेल.

कोणताही आकडा त्याच्या मोजणीच्या पद्धतीपासून वेगळा काढता येत नाही, हे कृषी विस्तार कार्यकर्त्यांना नव्याने सांगायला नको. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रतिदिन ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. पण सापळ्यातील आमिष जुने झाले असेल, तर तोच आकडा दिशाभूल करतो. पित्तनलिकेचेही तसेच आहे. श्वान किती तास उपाशी होता, माप यकृताजवळ घेतले की आतड्याजवळ, त्यात नलिकेची भिंत धरली की नाही, या नोंदींवाचून माप अपुरे ठरते. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन यांची मापेही सरसकट एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड या देशी श्वानजातींची नोंदणी केली आहे. उंची, वजन, रंग यांच्या वर्णनानंतरची पायरी आंतरिक अवयवांच्या सामान्य मापांची असली पाहिजे. त्यासाठी महागडा प्रकल्पच हवा असे नाही. पशुवैद्यक महाविद्यालयांत निर्बीजीकरणासाठी येणाऱ्या निरोगी श्वानांची, मालकाच्या संमतीने आणि रक्ततपासणीची जोड देऊन, एकाच पद्धतीने मापे घेतली. सोबत जात, वय, वजन नोंदवले, तर काही वर्षांत विश्वासार्ह संदर्भमूल्ये हाती येतील.

तोवर गावपातळीवर एवढे तरी व्हावे: डोळे वा हिरड्या पिवळ्या दिसताच घरगुती उपायांत दिवस न दवडता श्वानाला दवाखान्यात न्यावे, त्याचे वजन, शेवटच्या खाण्याची वेळ आणि अंगावर गोचीड आढळले का, हे डॉक्टरांना सांगावे. अचूक निदानाची सुरुवात अशा साध्या नोंदींतूनच होते.