झोप लागते की घ्यावी लागते?

आमच्या स्टाफरूममधील लांब टेबलावर, हजेरीपटांच्या शेजारी, गेले वर्षभर एक पांढरी बाटली असते. तीत गॅबाच्या गोळ्या आहेत. ज्या सहकारी बाईंच्या त्या गोळ्या, त्या सेट उत्तीर्ण आहेत आणि बारा वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवत आहेत. "घेऊन बघा सर, फरक पडतो," असे त्या आपुलकीने सांगतात. आम्हीही पंधरा दिवस घेऊन पाहिल्या. तेव्हा हे लेखन काठावर उभे राहून दगड मारणाऱ्यांचे नाही, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मराठीच्या मास्तरांनी रसायनात नाक का खुपसावे, असा प्रश्न येईलच. आमचे उत्तर असे की, ती बाटली गोळ्यांआधी एक संहिता विकते, आणि संहिता वाचणे हा आमचा व्यवसाय आहे.

या संहितेचा पाया खरा आहे. गॅबा, म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, हे मेंदूतील चेतापेशींची उत्तेजना आवरणारे प्रमुख द्रव्य. यूजीन रॉबर्ट्स यांना ते 1950 साली उंदराच्या मेंदूत आढळले. झोपेच्या अनेक गोळ्या, आणि मद्यसुद्धा, गॅबाच्या ग्राहींवरच परिणाम करतात. येथवर शास्त्र आहे. पुढे जाहिरात जी उडी मारते ती अशी: मेंदूत गॅबा शांतता आणते, म्हणून गॅबा खाल्ल्याने शांतता येईल. परंतु झोपेच्या त्या गोळ्या म्हणजे गॅबा नव्हेत. त्या मेंदूत पोहोचून तेथे असलेल्या गॅबाचा परिणाम वाढवतात. पोटात गेलेल्या गॅबाला मात्र रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर ओलांडावा लागतो. तो ओलांडता येत नाही, असेच दीर्घकाळ मानले गेले. थोडासा अंश जात असावा, किंवा आतड्यातील चेतातंतूंच्या वाटेने काही परिणाम होत असावा, असे म्हणणारे संशोधकही आहेत. पण माणसाच्या बाबतीत हा वाद मिटलेला नाही. उपलब्ध प्रयोगांचा एक पद्धतशीर आढावा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा: ताणाच्या बाबतीत पुरावा मर्यादित, झोपेच्या बाबतीत अतिशय मर्यादित. काही छोट्या प्रयोगांत झोप लागण्याचा अवधी काही मिनिटांनी घटलेला दिसतो. काही मिनिटे! एवढ्या मिनिटांवर केवढी बाजारपेठ उभी आहे!

जपानात ती आधी उभी राहिली. चहाची पाने नायट्रोजनमध्ये ठेवून त्यांतील गॅबा वाढवण्याची युक्ती तेथे 1980च्या दशकात निघाली. 2005 मध्ये ग्लिको कंपनीने गॅबाचे चॉकलेट आणले. 2015 पासून तर उत्पादकाने आपला पुरावा सरकारकडे सादर करावा आणि वेष्टनावर गुणधर्म छापावा, अशी सोय झाली. त्या पुराव्याची तपासणी करून शासन मान्यता देते, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता वेष्टनाची भाषा पाहू. अशा बाटल्यांवर 'बरे करते' हे क्रियापद सहसा सापडणार नाही. सापडतात ती 'साहाय्य करू शकते', 'आधार देते', 'पोषक ठरते' अशी क्रियापदे. 'शकणे' या गरीब साहाय्यक क्रियापदावर इतका बोजा कोणत्याही मराठी कादंबरीकाराने टाकला नसेल. वचन दिल्यासारखे वाटावे, पण वचनभंगाचा ठपका येऊ नये, अशी ही रचना आहे. त्याच बाटलीवर बारीक अक्षरांत वैद्यकीय उपयोगासाठी नसल्याचेही लिहिलेले असते, कारण आपल्याकडच्या नियमांनुसार ते लिहावेच लागते. पुढच्या बाजूला आश्वासन, मागच्या बाजूला नकार. विद्यार्थ्यांना व्याजोक्ती शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

आमचा खरा आक्षेप मात्र आणखी वेगळा आहे. मराठीत झोप 'लागते'. भूक लागते, तहान लागते, तशी. 'मला झोप लागली' या वाक्यात कर्तृपद झोपेकडे आहे. माणूस चतुर्थीत, एका बाजूला, वाट पाहत बसलेला. आपला डोळा लागतो, आपली झोप उडते, कोणीतरी आपली झोपमोड करते. झोप ही माणसाच्या आणि त्याच्या भोवतालाच्या संबंधातून घडते, ही जाण या भाषेत मुरलेली आहे. म्हणून मराठी माणूस झोप उडाली म्हणताच ऐकणारा सहज विचारतो, "का, काय झालं?" बाटली हा प्रश्नच पुसून टाकते. तिच्या मते काहीही झालेले नाही. फक्त अमुक मिलिग्रॅम कमी पडले आहेत.

यावर म्हटले जाईल की, कुणाला बरे वाटत असेल तर तुमचे काय बिघडते? प्रश्न रास्त आहे. गोळी घेतल्याच्या समाधानाने झोप लागत असेल, तर ती झोप खोटी नव्हे. अल्पकाळ घेतल्याने मोठी हानी झाल्याचेही सहसा दिसलेले नाही. मात्र गॅबाने रक्तदाब किंचित उतरू शकतो, त्यामुळे त्या विकाराच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. दीर्घकालीन निद्रानाशावर सवयी व विचार बदलणारी मानसोपचारपद्धती आधी वापरावी, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये सुचवले. ती बाटलीत भरता येत नाही, म्हणून तिची जाहिरात दिसत नाही. असो.

पण त्या बाईंना झोप का लागत नाही? हे आम्ही त्यांना विचारले ते त्यांच्या चार बाटल्या संपल्यानंतर. ऑगस्टमध्ये घेतलेल्या तासांचे मानधन जानेवारी सरत आला तरी मिळालेले नव्हते. जूनमध्ये नेमणूक पुन्हा होईल की नाही, हे त्यांना दरवर्षी जूनमध्येच कळते. घरभाडे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. हे सारे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही कायम नोकरीतली माणसे; आम्हांलाही तिच्या झोपेविषयी बोलण्यापेक्षा गोळीविषयी बोलणे सोयीचे वाटले.

थकीत मानधनासाठी त्यांनी केलेला अर्ज सध्या त्याच टेबलावर, बाटलीखाली दाबून ठेवलेला आहे. कायम प्राध्यापकांपैकी तिघांनी त्यावर सह्या केल्या आहेत. गोळ्या सातजणांनी घेऊन पाहिल्या होत्या.